अणुकेंद्रकातला केऑस: भौमितिक मॉडेल घ्यावं की बोसॉन मॉडेल?

गेल्या आठवड्यात सांगलीच्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर एक विद्यार्थिनी भेटली. एम.एस्सी. फिजिक्सचं दुसरं वर्ष, गाव तासगाव तालुक्यात. झेरॉक्सचे दोन गठ्ठे बाकड्यावर ठेवून तिनं थेट विचारलं, “सर, यातलं कुठलं घेऊ? सोमवारी विषय द्यायचाय. आणि ऑक्टोबरात घरी द्राक्षांची फळछाटणी असते, तेव्हा माझं काही होणार नाही.” एका गठ्ठ्यात अणुकेंद्रकाचं भौमितिक मॉडेल होतं, दुसऱ्यात बोसॉन मॉडेल. प्रकल्प दोन्हीकडे एकच: मॉडेलमध्ये केऑस (म्हणजे अंदाज न बांधता येणारी बेबंद गती) कुठे आहे आणि सुव्यवस्था कुठे, ते शोधायचं. चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. दरवर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून बाकीचं इथे लिहून ठेवतो.

मॉडेल निवडायच्या आधी आपण नेमकं काय मोजणार ते बघा. युरेनियम-२३८ वर संथ न्यूट्रॉन सोडले की ठरावीक ऊर्जांना अणुकेंद्रक ते गपकन गिळतं. अशी प्रत्येक ऊर्जा म्हणजे एक रेझोनन्स, अणुकेंद्रकाची एक ऊर्जा-पातळी. या रेझोनन्सपैकी सुरुवातीचे ठळक असे आहेत, आकडे इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये: ६.७, २०.९, ३६.७, ६६.०, ८०.७, १०२.६, ११६.९, १४५.७, १६५.३, १८९.७, २०८.५. आता शेजारच्या दोघांमधली अंतरं काढा. १४.२, १५.८, २९.३, १४.७, २१.९, १४.३, २८.८, १९.६, २४.४, १८.८. सरासरी वीसच्या आसपास. या पातळ्या एकमेकींशी काही संबंध न ठेवता कुठेही पडल्या असत्या, तर दहांपैकी साधारण चार अंतरं दहाच्या खाली यायला हवी होती. इथे एकही नाही, सगळ्यांत लहान अंतरसुद्धा १४.२ आहे. पातळ्या एकमेकींना ढकलतात.

सांगली–मिरज रस्त्यावरच्या वडापवाल्यांचं (प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाड्यांचं) असंच चालतं. पुढची गाडी आत्ताच गेली असेल तर मागचा जरा रेंगाळतो, बराच वेळ झाला असेल तर दामटतो. कुणी वेळापत्रक लावलेलं नसतं, तरी दोन गाड्या एकमेकींच्या बंपरला चिकटून क्वचितच येतात. (ही उपमा फक्त माझी नव्हे. मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका शहरातल्या बसांच्या अंतरांत रँडम मॅट्रिक्सचंच, म्हणजे यादृच्छिक आकड्यांनी भरलेल्या चौकटीचंच, गणित दिसतं, हे २००० साली दोन भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं. मॅट्रिक्सची जात मात्र वेगळी.)

अणुकेंद्रकातल्या या ढकलाढकलीचं गणित विग्नरनं १९५० च्या दशकात मांडलं. त्यासाठी त्यानं हॅमिल्टोनियनच्या (ज्यातून ऊर्जा-पातळ्या निघतात त्या गणिती राशीच्या) जागी चक्क यादृच्छिक आकड्यांची मॅट्रिक्स ठेवली. त्याच्या आधी १९३६ मध्ये नील्स बोरनं सांगितलं होतं की आत शिरलेला न्यूट्रॉन आपली ऊर्जा सगळ्यांत वाटून टाकतो आणि मग कोण कुठून आलं याचा पत्ता राहत नाही. १९८२ मध्ये हक, अखिलेश पांडे आणि बोहिगास यांनी २७ अणुकेंद्रकांमधल्या १४०७ पातळ्या एकत्र केल्या आणि विग्नरचा अंदाज पक्का केला. पुढे १९८४ मध्ये बोहिगास, जियानोनी आणि श्मिट यांनी म्हटलं की ज्या प्रणालीची अभिजात (न्यूटनच्या नियमांनी चालणारी) गती केऑटिक असते तिच्या क्वांटम पातळ्या रँडम मॅट्रिक्ससारख्या वागतात. तुमचा प्रकल्प या वाक्यावर उभा आहे.

पण तेच अणुकेंद्रक खालच्या ऊर्जांना शिस्तीत वागतं. गॅडोलिनियम-१५६ च्या तळाच्या पट्ट्यातल्या पातळ्या ८९, २८८, ५८५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहेत. दुसरीला पहिलीनं भागलं तर ३.२४ येतं. आदर्श फिरत्या लांबट गोळ्याला ३.३३ यायला हवं. म्हणजे खाली ताल आहे, वर गोंधळ. मधे काय होतं ते बघण्यासाठी ही दोन मॉडेलं.

भौमितिक मॉडेल बोरचा मुलगा आगे बोर याचं, १९५२ चं. पुढे मॉटेलसन आणि रेनवॉटर यांच्यासह त्याला १९७५ चं नोबेल मिळालं. यात अणुकेंद्रक म्हणजे द्रवाचा थेंब. तो किती चेपला आहे ते बीटा सांगतो, आणि भोपळ्यासारखा चपटा आहे की काकडीसारखा लांबट की मधलाच काही, ते गॅमा सांगतो. स्थितिज ऊर्जेत तीन पदं असतात: बीटाच्या वर्गाचं, बीटाच्या घनाला तीन-गॅमाच्या कोसाइननं गुणलेलं, आणि बीटाच्या चौथ्या घाताचं. कोनीय संवेग शून्य धरला की हे सगळं एका कागदावर मावतं. बीटा ही केंद्रापासूनची लांबी, गॅमा हा कोन, आणि एक गोळी त्या खळग्यात घरंगळते.

खगोलवाल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. एनाँ आणि हाइल्स यांनी १९६४ मध्ये आकाशगंगेतल्या ताऱ्याच्या गतीसाठी घेतलेला खळगा आणि हा खळगा सख्खे भाऊ आहेत. पहिली दोन पदं तीच, चौथ्या घाताचं पद जास्तीचं.

या मॉडेलची मोठी सोय म्हणजे केऑस डोळ्यांना दिसतो. चाळीसेक ओळींचा पायथॉन प्रोग्राम लिहायचा, गोळी सोडायची, आणि ती आडवी रेषा ओलांडेल तेव्हा दर वेळी एक ठिपका मारायचा. ठिपके गुळगुळीत वळणांवर बसले तर गती सुव्यवस्थित, शाई सांडल्यासारखे पसरले तर केऑस. ऊर्जा अगदी कमी असताना सगळी वळणं. वाढवत नेली की शाई पसरते. आणि खूपच वाढवली की पुन्हा वळणं, कारण तिथे चौथ्या घाताचं पद बाकीच्यांना खाऊन टाकतं आणि त्याला गॅमाचं सोयरसुतक नसतं. पहिल्यांदा हे बघणारा विद्यार्थी हमखास म्हणतो की प्रोग्राम चुकलाय. चुकलेला नसतो.

बोसॉन मॉडेल अरिमा आणि याकेलो यांचं, १९७५ चं. यात थेंब नाही, हिशेब आहे. पूर्ण भरलेल्या कवचांबाहेर जे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन उरतात (कवच अर्ध्याहून जास्त भरलं असेल तर जी रिकामी घरं उरतात) त्यांच्या जोड्या लावायच्या. प्रत्येक जोडी एक बोसॉन. बोसॉन दोन जातींचे, एस आणि डी. एसचं एकच रूप, डीची पाच, मिळून सहा. म्हणून यू(६) ही सममिती, आणि तिच्यातून उतरणाऱ्या तीन वाटा: कंप पावणारं अणुकेंद्रक म्हणजे यू(५), फिरणारं लांबट म्हणजे एसयू(३), आणि गॅमाबाबत ढिलं असलेलं म्हणजे ओ(६). या तीन टोकांचा त्रिकोण काढतात. टोकांवर सगळं कागदावर सुटतं, केऑस शून्य.

गॅडोलिनियम-१५६ चा हिशेब करून बघू. प्रोटॉन ६४, म्हणजे ५० च्या कवचावर १४, जोड्या ७. न्यूट्रॉन ९२, म्हणजे ८२ च्या वर १०, जोड्या ५. एकूण १२ बोसॉन. आता शून्य कोनीय संवेगाच्या पातळ्या किती? डी बोसॉन दोन-दोन मिळून शून्य होतात किंवा तीन-तीन मिळून. त्रिकूट एकही नसेल तर जोड्या ० ते ६, म्हणजे ७ प्रकार. एक त्रिकूट असेल तर ५, दोन असतील तर ४, तीन असतील तर २, चार असतील तर १. एकूण १९. अर्बियम-१६८ मध्ये बोसॉन १६, पातळ्या ३०. लहान सूत्र हवं असेल तर बोसॉनसंख्येत ३ मिळवा, वर्ग करा, १२ नं भागा, जवळचा पूर्णांक घ्या.

इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते निवड तिच्यावरच ठरते. भौमितिक मॉडेलमध्ये पातळ्या काढायची मॅट्रिक्स बांधायला दोन मितींच्या हार्मोनिक दोलकाच्या अवस्था घेतात. त्रिज्येच्या दिशेनं एक गाठ वाढली की दोन क्वांटा लागतात, कोनाच्या दिशेनं तीन-गॅमाची एक लाट वाढली की तीन. पुन्हा दोन आणि तीन, पुन्हा तेच सूत्र! मोजणी हुबेहूब एकच. फरक एवढाच की बोसॉन मॉडेलमध्ये वरची मर्यादा अणुकेंद्रक ठरवतं आणि तिथे पातळ्या खरोखरच संपतात, तर भौमितिक मॉडेलमध्ये मर्यादा तुम्ही लॅपटॉपच्या ताकदीनुसार ठरवता आणि पातळ्या कधीच संपत नाहीत.

याचा हिशेबावर काय परिणाम होतो ते बघा. हल्ली केऑस मोजायचा सोपा मार्ग म्हणजे लागोपाठची दोन अंतरं घ्यायची, लहानाला मोठ्यानं भागायचं आणि अशा सगळ्या गुणोत्तरांची सरासरी काढायची. ओगानेस्यान आणि ह्यूज यांनी २००७ मध्ये हे सुचवलं. पातळ्या बेछूट असतील तर सरासरी ०.३८६, रँडम मॅट्रिक्ससारख्या असतील तर ०.५३१. एकेका गुणोत्तराचा पसारा मात्र ०.२८ इतका मोठा. तीस पातळ्यांवर सरासरीतली अनिश्चितता ०.०५ च्या घरात जाते. दोन टोकांत फरकच ०.१४५ चा, मग मधल्या छटा दिसणार कशा? हजार पातळ्या असतील तर अनिश्चितता ०.०१ च्या खाली येते आणि छटा दिसू लागतात.

भौमितिक मॉडेलमध्ये क्वांटाची मर्यादा २०० ठेवली तर ३४३४ अवस्था येतात. तेवढी मॅट्रिक्स सगळी लिहून काढली तरी ९५ एमबीच्या आसपास जागा घेते. आठ जीबीचा जुना लॅपटॉप हे काम चहा उकळेपर्यंत करतो. त्यातल्या वरच्या पातळ्या खोट्या असतात, कारण अवस्थांची यादी आपण मधेच तोडलेली असते. म्हणून मर्यादा २२० करून पुन्हा चालवायचं आणि ज्या पातळ्या जागच्या हलल्या नाहीत तेवढ्याच ठेवायच्या. हा सोपस्कार बोसॉन मॉडेलमध्ये लागत नाही. तिथे १९ म्हणजे १९, शेवटच्या दशांशापर्यंत खऱ्या. मला स्वतःला हा नेमकेपणा फार आवडतो, पण १९ पातळ्यांवर सांख्यिकी करता येत नाही ती नाहीच. म्हणून संशोधक बोसॉनसंख्या खऱ्या अणुकेंद्रकांच्या पलीकडे ताणतात. ४० बोसॉन घेतले तर शून्य संवेगाच्या १५४ पातळ्या मिळतात. पण मग “खऱ्या अणुकेंद्रकाचं मॉडेल” हा दावा पातळ होतो आणि तोंडी परीक्षेत कुणीतरी तो बरोबर पकडतो.

आता सापळा. दोन्ही मॉडेलांत तो एकच आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. भौमितिक खळग्याला तीन पाकळ्यांची सममिती असते, त्यामुळे पातळ्यांची कुटुंबं वेगवेगळी होतात. कोसाइनवाल्या वेगळ्या, साइनवाल्या वेगळ्या. वेगळ्या कुटुंबांतल्या पातळ्या एकमेकींना ढकलत नाहीत. मी दोन्ही एकाच यादीत टाकल्या, सरासरी ०.४२ आली, आणि पंधरा दिवस समजत होतो की केऑसच्या मधोमध मला सुव्यवस्थेचं बेट सापडलंय. दोन केऑटिक याद्या एकमेकींत मिसळल्या की नेमकं तेवढंच येतं. बेट वगैरे काही नव्हतं. वडापवाले आपसांत अंतर ठेवतात आणि शहर बसही आपसांत ठेवत असतील, पण विश्रामबागेच्या थांब्यावर उभं राहून दोन्हींच्या वेळा एकाच वहीत लिहिल्या तर वही बेछूटच दिसणार. युरेनियमच्या वरच्या यादीतही मी हीच काळजी घेतली आहे. १०.२ ला एक किरकोळ रेझोनन्स आहे, पण तो वेगळ्या कुटुंबातला, म्हणून यादीत नाही. तो घुसवला असता तर ६.७ च्या शेजारी ३.५ चं अंतर उभं राहिलं असतं.

बोसॉन मॉडेलमध्ये कोनीय संवेगाप्रमाणे याद्या वेगळ्या करणं सगळ्यांना सुचतं. फसतात ते त्रिकोणाच्या यू(५) ते ओ(६) या बाजूवर. तिथे दोन्ही टोकांना समान असलेली ओ(५) सममिती आणखी एक क्वांटम अंक जपून ठेवते, त्यामुळे ती अख्खी बाजू केऑसमुक्त. ते माहीत नसेल तर निष्कर्षाच्या प्रकरणात माणूस भलतंच लिहून बसतो.

त्रिकोणाच्या आत मात्र खरा खजिना आहे. टोकांपासून आत सरकलं की सममिती मोडते, केऑस वाढतो, असंच कुणीही म्हणेल. १९९१ मध्ये अल्हासिद आणि व्हेलन यांना आत, यू(५) आणि एसयू(३) यांना जोडणारी एक कमानीसारखी पट्टी सापडली, जिच्यावर गती बऱ्यापैकी सुव्यवस्थित राहते. वरवर पाहता तिथे कुठलीच ठरलेली सममिती नाही. २००४ मध्ये तर या कमानीच्या जवळ बसणारी खरी अणुकेंद्रकंही दाखवली गेली. त्यांची खूण अशी: बीटाच्या आणि गॅमाच्या कंपनांच्या पातळ्या जवळजवळ एकाच ऊर्जेला येतात. त्याच वर्षी प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या चेय्नार आणि स्ट्रान्स्की यांनी भौमितिक मॉडेलमध्ये असंच काहीसं दाखवलं. पहिल्या पदाचा गुणक उणे एक, तिसऱ्याचा एक ठेवून मधल्याचा गुणक शून्यापासून वाढवत गेलं तर सुव्यवस्था आधी कोसळते आणि ०.६ च्या आसपास पुन्हा डोकं वर काढते. कमानीचाच हा चुलत भाऊ. म्हणजे भौमितिक मॉडेल घेतलं तरी ही गोष्ट हातची जात नाही, आणि सापडण्याचा आनंद उलट जास्त, कारण ठिपक्यांच्या चित्रात ती वळणं पुन्हा उगवताना तुम्ही स्वतः बघता.

प्रोग्रामिंगबाबत थोडक्यात. भौमितिक मॉडेलचे सगळे मॅट्रिक्स-घटक बी.एस्सी.च्या दोलकावरून निघतात. बोसॉन मॉडेलमध्ये डी बोसॉन एकत्र बांधण्याचे गुणांक लागतात आणि ते स्वतः लिहायला बसलात तर सत्र तिथेच संपेल. तयार प्रोग्राम मिळतात, पण मग काम आकडे भरण्याचं उरतं. अभिजात गतीचंही तसंच. भौमितिक मॉडेलमध्ये गतिज आणि स्थितिज ऊर्जा वेगळ्या असतात, साधी रीत पुरते. बोसॉन मॉडेलच्या अभिजात रूपात दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतात.

बोसॉन मॉडेलची बाजू कुठे जड होते? खऱ्या अणुकेंद्रकाचं नाव घेऊन बोलायचं असेल तिथे. गॅडोलिनियम का फिरतं, प्लॅटिनम-१९६ का ढिलं आहे, कॅडमियम-११० जवळपास कंपनासारखं का, हे तीन टोकांवरून सरळ सांगता येतं. पुढे पीएच.डी. अणुकेंद्रक-रचनेत करायची असेल, सममितीच्या गणिताची गोडी असेल आणि मार्गदर्शक त्यातला असेल, तर हेच घ्या. ज्याला ग्रुप थिअरीचा पेपर जड गेला त्यानं केवळ विषय भारदस्त वाटतो म्हणून घेऊ नये.

तिसरा पर्यायही कुणीतरी सुचवतंच: सरळ कवच मॉडेल, ज्यात बाहेरच्या प्रत्येक कणाचा वेगळा हिशेब ठेवतात. सिलिकॉन-२८ मध्ये बाहेरचे बारा कण, २४ जागा, संवेगाचा प्रक्षेप शून्य असलेल्या अवस्था ९३,७१०. त्यातून शून्य संवेग, शून्य आयसोस्पिनच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनमधल्या सममितीचा अंक) ८३९ पातळ्या निघतात आणि केऑस लख्ख दिसतो. काम सुंदर आहे, झेलेविन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तपशिलात केलंय. एका सत्रात, घरच्या लॅपटॉपवर, मधे लाइट जात असताना? सोडून द्या.

एक सावधगिरी दोन्हींसाठी. या मॉडेलांमधला केऑस आणि युरेनियमच्या रेझोनन्समधला केऑस एकच आहे असं लिहू नका. न्यूट्रॉन आत शिरतो तेव्हा अणुकेंद्रक पाचेक दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर चढलेलं असतं. तिथवर जोड्या केव्हाच तुटलेल्या असतात, थेंबाच्या डोलण्यापेक्षा कितीतरी जास्त गोष्टी चालू असतात. आपली मॉडेलं सामूहिक गतीपुरती बोलतात. केऑसची मोजपट्टी एक, प्रदेश वेगळे.

तिला मी भौमितिक मॉडेल घ्यायला सांगितलं. सप्टेंबर अखेरपर्यंत ठिपक्यांची चित्रं आणि दोन-तीन हजार पातळ्या हातात येतील, छाटणीच्या दिवसांत फक्त लिखाण उरेल. पहिल्या आठवड्यात मधला गुणक शून्य ठेवून प्रोग्राम चालवायचा. तिथे गॅमाचा संबंधच नाही, सगळं सुटतं, म्हणून सरासरी ०.३८६ च्या आसपास आली नाही तर पुढे जायचं नाही, चूक शोधायची. तिला गॅडोलिनियमही सोडवत नव्हतं. म्हटलं, शेवटच्या प्रकरणात त्याला दोन पानं दे, १२ बोसॉनचा हिशेब हातानं करून.

काल रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला: “सर, १२ ला १९ च आले. आणि प्रोग्राममध्येही १२ क्वांटाला १९ च. मर्यादा २०० केली आणि लाइट गेली.”